तीन कोट आणि एक फरशी

कोटवाल्या काकांचा नियम होता, एका निवडणुकीला एकच मागणी. उमेदवारी मिळाली की माणसाला नवा कोट लागतो, आणि कोट म्हटला की काकांचं दुकान. ट्रायलला उमेदवार आरशासमोर उभा राहिला, की काका टाचण्या लावता लावता हळूच विषय काढायचे. टाचण्यांत अडकलेला माणूस फार नम्र असतो. नगराच्या निवडणुकीत गल्लीला नळ आला, प्रांताच्या वेळी खांबावर दिवा लागला. दुकानापुढच्या गटारावरची फुटकी फरशी त्यांनी देशाच्या निवडणुकीसाठी राखून ठेवली होती.

तेवढ्यात जाहीर झालं, यापुढे तिन्ही निवडणुका एकाच दिवशी.

"बरं झालं," काका म्हणाले. "खर्च वाचेल, भोंग्यांचा तापही एकदाच."

"आणि दारात येणंही एकदाच!" काकू म्हणाल्या. "किरकोळीचा धंदा घाऊक झाला, की गल्लीतल्या गिऱ्हाइकाला कोण विचारतंय?"

काकू दुकानात काज-बटणाचं काम करायच्या. त्या फरशीत त्यांचा पाय मुरगळला होता, आणि ती बसेपर्यंत दुकानात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांच्यावाचून एकही कोट पुरा होणार नव्हता.

एकाच पक्षाचे तिन्ही उमेदवार एकाच गाडीतून ट्रायलला आले. काकांनी तिघांना ओळीने उभं केलं, टाचण्या लावल्या आणि विचारलं, "फरशी कोण बसवणार?"

देशाचे उमेदवार पोट हलवत हसले. "अहो, मी परराष्ट्र धोरणावर बोलतो. गटार यांच्याकडे." त्यांनी शेजारी हात केला. "आई गं!" काखेतली टाचणी लागली होती.

"छे, गटार नगराचं!" प्रांताच्या उमेदवाराने बोट दाखवलं आणि तोही कळवळला.

"पैसा तर वरूनच येतो," म्हणत नगराच्या उमेदवाराने दोघांकडे हात उडवला. त्याला दोन टाचण्या लागल्या.

"बोटं खाली ठेवून बोला," काका म्हणाले.

बोटं खाली गेली आणि बोलणंच संपलं.

"फरशी नाही तर काकू नाहीत, काकू नाहीत तर बटणं नाहीत," काका शांतपणे म्हणाले. "उद्याच्या सभेत कोट हाताने धरून भाषण करा."

संध्याकाळी फरशी बसली. काकू आल्या, बटणं लागली. मतदारांनी तिन्ही कागदांवर एकाच चिन्हावर शिक्के मारले. हात एकदा बसला की बसला. तिघंही निवडून आले.

निकालानंतर थोड्याच दिवसांत खांबावरचा दिवा गेला. काका तिघांच्याही घरी जाऊन आले. तिघंही 'बाहेर' होते.

"आता पाच वर्षं अंधार," काकांनी कपाळाला हात लावला. "माझ्या हातचा कोट तोवर उसवायचाही नाही."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. "शिलाई तुमची. बटणं मी लावलीत."

"मग?"

"कच्च्या दोऱ्याने लावलीत."

काका उडालेच. "अगं, दुकानाची अब्रू!"

"अब्रू अंधारात कोणाला दिसतेय? एखाद्या भाषणात पोटावरचं बटण उडेल, मग येतील धावत."

काकांनी टाचण्यांचा डबा जवळ ओढला.

"पोट देशवाल्याचं मोठं," ते म्हणाले. "तोच आधी येणार. पण दिवा काही त्याच्याकडे नाही."

"जो आधी येईल," काकू म्हणाल्या, "दिवा त्याच्याकडे."