सुमनच्या तोंडी माझा आवाज

हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. आणि मी म्हणजे — भाजीवाल्याशी गप्पा मारता मारता भाजी घ्यायची विसरणारी बाई. आयुष्यात सगळं बोलून झालं, एवढं एक पोटात राहिलं.

जळगावात रिक्षावरून साड्यांच्या सेलची जाहिरात फिरते ना, तो आवाज कितीतरी वर्षं माझाच. मग आमच्याकडे मोबाइलवर बघायचे छोटे सिनेमे निघायला लागले, तशी मला डबिंगला बोलावणी यायला लागली. शिकवलं कोणी नाही. एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, कानाला हेडफोन. पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले की आपण बोलायचं. घामाच्या धारा लागायच्या, पण मजा वाटायची हो. मला भारी कुतूहल — चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, मग बघणाऱ्याच्या मनात जी बाई तयार होते, ती कोण?

असे सिनेमे काढणाऱ्या दीपकच्या एका सिनेमात आईचं काम सुमननं केलं. यावलकडची, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी. शूटिंग बागेतच झालं, आणि शेजारी पाण्याची मोटार — सगळ्या बोलण्यावर तिची घरघर. दीपक मला म्हणाला, "अक्का, सुमनताईंना फोन करा. जळगावला या म्हणावं, त्यांचं त्या बोलतील. बाकीच्या बायकांचं तुम्ही करा."

फोन करायच्या आधी मी हेडफोन लावून तिचा शूटिंगमधला आवाज ऐकला. मुलगा सुरतेला कामाला निघालाय, आई त्याच्या हातात डबा देते आणि म्हणते, पोहोचला की कळव. बस, एवढंच. पण 'कळव'च्या आधी ती थांबते. किती? एका श्वासाएवढं. मोटारीच्या घरघरीतूनसुद्धा ते थांबणं ऐकू येत होतं. मला ते कधी जमलं नाही. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, ही माझी जाहिरातीतली सवय. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. कौतुक वाटलं का? वाटलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं — त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे.

मी फोन केला नाही. दीपकला सांगितलं, ती नाही म्हणते रे, लाजते, तुम्हीच बोला म्हणाली. त्यानं ऐकलं. अक्का कशाला खोटं बोलेल?

मग मी बोलले. ओठ बरोबर जुळले. तिच्या थांबण्याच्या जागी मी एक हुंदका घातला. दीपक खूश. मी मात्र त्या गोधड्यांच्या खोलीत बघत राहिले — चेहरा तोच, डोळे तेच, तरी मगाशी मुलाशी बोलणारी आई आता लोकांना रडून दाखवत होती. आवाज बदलला की डोळेही बदलतात? कसे? मला ते अजून उलगडलेलं नाही.

यावलच्या मंगल कार्यालयात सिनेमा दाखवला. माझ्या पुढच्याच रांगेत सुमन, शेजारी तिची आई. म्हातारीला दिसत नव्हतं. नवं लुगडं नेसून ती लेकीचं काम ऐकायला आली होती. पहिल्याच सीनला पडद्यावरची सुमन बोलली, आणि खुर्चीतली सुमन दचकून ताठ झाली. इकडं-तिकडं बघितलं. मग मान खाली घातली.

डब्याचा सीन आला. माझा हुंदका हॉलभर घुमला, बायकांचे पदर डोळ्यांना लागले. म्हातारीनं लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू कव्हा बोलशीन वं?"

सुमन म्हणाली, "माह्यं काम मुकीचं हाये, माय."

"तू अन् मुकी? घरात त कोनाचं आयकू येऊ देत नाही!"

आजूबाजूच्या दोघी-तिघी खुदकन हसल्या. सुमनही हसली.

पुढं वाकून मी एवढं तरी म्हणू शकले असते — आजी, तुमच्या लेकीला कोणी बोलावलंच नाही, ते माझ्यामुळं. म्हटलं नाही. म्हातारी कान देऊन बसून राहिली, आणि पडद्यावर सुमनच्या तोंडून मी बोलतच होते.