टेलरांनी उचललेली गाडी

गळ्यातला टेप हातात घेतल्याशिवाय आमचे शेजारी टेलर कशावरही मत देत नसत. "थांबा वैनी, माप बगू," म्हणत आणि खरोखर माप घेत. नव्या दाराचं, गोठ्याच्या गव्हाणीचं, एकदा तर माझ्या भाकरीचं. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर सुखी आहात, कारण अशा माणसाशी वाद घालून कुणाला जिंकता येत नाही.

कडेगावच्या बाजूला, ओढ्यापलीकडं आमची दोनच घरं. टेलर शाळेचे गणवेश शिवायचे आणि जुन्या पिकअपमधून आष्टा-तासगावच्या बाजारात नेऊन विकायचे. मुलगा फौजेत. घरात ते आणि त्यांची बायको, आमच्या अक्का. अक्कांच्या किडन्या गेल्या आणि दर मंगळवारी-शुक्रवारी सांगलीला डायलिसिसला जाणं आलं. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. पावसाळ्यात मात्र मध्ये ओढा.

त्यावर पूल नाही. दगडगोट्यांतूनच गाडी काढायची. एका श्रावणात पिकअपचं पोट मधल्या धोंड्यावर बसलं. चाकं नुसती फिरत राहिली. ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढेपर्यंत सांगलीची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी अक्कांचं तोंड सुजलं, आडवं झालं की धाप लागायची. मी त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. टेलर दारात उभे होते. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

सगळे म्हणाले, सांगलीत खोली घ्या. अक्का म्हणाल्या, "मरायचं तर हितंच, माज्या म्हशीपाशी."

"मरायचं कोन म्हनतंय?" टेलर म्हणाले. "गाडी उचलायची."

म्हणजे गाडीची उंची वाढवायची. मागं चाकांवरच्या पोलादी पाट्यांखाली ठोकळे घालायचे, पुढं जादा पाटा चढवायचा, वर लांब बोल्ट आणि लांब शॉकअप. हा सगळा संच तयार मिळतो, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, आठवडाभर गाडी सोडा. आठवडाभर सोडली तर अक्कांना न्यायचं कशातून? टेलरांनी संच मागवला आणि ठरवून टाकलं: मंगळवारी सांगलीहून आलं की गाडी खोलायची, शुक्रवारच्या आत जोडायची, ती पण घरीच.

"आवं भाऊजी, तुमी चड्ड्या शिवनारं," मी म्हटलं.

"चड्डी तरी मला कुनी शिकवली हुती? एक उसवून बगितली, तशीच दुसरी शिवली."

अंगणातल्या फरशीवर जॅक लागला, खाली लाकडी ओंडके गेले. आमचे हे बांधावर उभे राहून आधी टिंगल करत होते. मग यांनाच राहवेना, पाना धरायला गेले. गंजलेले बोल्ट हलायला तयार नव्हते. डिझेल सोडलं, पान्याला पाइप जोडून दोघं लोंबकळले. एक बोल्ट तरीही अडून बसला. टेलरांनी तो करवतीच्या पात्यानं कापायला घेतला. हाताला फोड आले, फुटले, त्यावर गणवेशाची चिंधी बांधून ते कापतच राहिले. मी चहा नेला तर म्हणाले, "ठिवा तितं. ह्यो आदी, च्या मागनं."

गाडी उचलून झाल्यावर ते खाली सरपटत गेले आणि ओरडले, "वैनी, ह्यो ब्रेकचा पाइप काखंत तटतुया!" शर्ट काखेत तटला तर फार तर उसवेल. हा तटून तुटला असता तर ब्रेकच गेला असता. टेलर तसेच एसटीनं कराडला गेले आणि लांब पाइप घेऊनच परतले.

गुरुवारी दुपारी तो पाइप बसला. आता ब्रेकमधली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं खालून नट सैल करायचा. टेलरांनी अक्कांना हाक मारली. अक्का आल्या. दाराला धरून पाय उचलला. पाय पोचला नाही. पुन्हा उचलला, गुडघ्यातून कळ आली, खाली ठेवला. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"समद्याचं माप घेतलंसा. माजं कुनी घ्यायचं?"

मी खो खो हसले. टेलरांचं तोंड एवढंसं झालं. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच गाडीत चढता येत नव्हतं. मग ते अक्कांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. "उचल पाय. दुकंल तितं थांब." जमिनीपासून तळव्यापर्यंत त्यांनी टेप धरला, आणि दुसऱ्या हातानं अक्कांची टाच अलगद धरून ठेवली. मी हसायची थांबले.

उठून ते घरात गेले. त्यांचं पहिलं पायमशीन कोपऱ्यात होतं. त्याचं जाळीदार लोखंडी पायडल त्यांनी काढून आणलं.

"आवं, त्येच्यावर धंदा हुबा केलासा," अक्का म्हणाल्या.

"मग आता तू हुबी ऱ्हा."

पट्ट्या आणि बोल्ट लावून पायडल दाराखाली बसलं. अक्का त्यावर पाय देऊन चढल्या. खालून टेलर सांगू लागले, "दाब. धर. सोड." संसारात पहिल्यांदाच नवरा पायाखाली सापडला म्हणून की काय, अक्का जरा जोरातच दाबत होत्या.

दुसऱ्या दिवशी ओढा भरून वाहत होता. आमचे हे ट्रॅक्टर घेऊन काठावर थांबले होते, पण गाडी सरळ पार गेली आणि हे तसेच परत आले. त्यानंतर अक्कांची सांगली कधी चुकली नाही.

गेल्या आषाढात, एका बुधवारी, कापड बेतता बेतता टेलरांनी टेबलावर डोकं टेकलं. ते पुन्हा उचललं नाही. संध्याकाळीच सगळं उरकलं. मुलगा सरहद्दीवरून निघाला होता, अजून पोचायचा होता.

शुक्रवारी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या उठल्या आणि दवाखान्याची पिशवी घेतली. चुलत जाऊ आडवी आली. "आगं, आज राख सावडायची हाय. सुतकात उंबरा वलांडतीस व्हय?"

"आज शुक्रवार हाय," अक्का म्हणाल्या.

जाऊ बाजूला सरली. मी यांना किल्ली दिली. अक्का चढल्या, मागून मी चढले. मला रडू आवरत नव्हतं. अक्का समोर बघत होत्या.

ओढ्याला पाणी होतं. काठावर यांनी गाडी सावकाश केली. ही गाडी पाण्यातून यांनी कधी नेली नव्हती.

"दुसरा गेर टाका," अक्का म्हणाल्या. "आन् मधी क्लच दाबू नका, भावजी. त्येंनी कवा दाबला न्हाई."

यांनीही दाबला नाही.