रविवारचा जोडीदार

आधी संपादकांची आणि वाचकांची क्षमा मागतो. या मासिकात लिहिणारी माणसं जाणती असतात. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात मराठी शाळेच्या पुढे गेलेला पहिलाच. आपण लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. दोनदा लिहून फाडलं. पण जे झालं ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय अभ्यासात मन लागेना, म्हणून हे धाडस.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. आमच्या गावात ओढ्याकाठच्या ज्या चिंचेखालून माणसं दिवसाउजेडी घाईने जातात, तिथेच मी आणि रंगा मॅट्रिकच्या अभ्यासाला बसत असू – का, तर तिथे कुणी त्रास द्यायला येत नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढचं वाचून मला कुणी भोळा समजू नये. समजलं तरी माझा इलाज नाही.

माझं गाव करमाळा तालुक्यात. रंगा आमच्याच आळीतला, बिगरीपासून माझ्याबरोबर. दोघंही एकदमच पास झालो. गावात कुणाचं पत्र आलं तर वाचायला आणि लिहायला आम्हीच दोघं. पुण्याला शिकायला जायचं हेही दोघांनी मिळूनच ठरवलेलं. रंगाचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणायचा, "महादू, अभ्यास काय, हितं चिंचंखाली बी हुतो. शहर बघायचं तर शहरातच जावं लागतंय. दर रविवारी एक ठिकान. एक बी रविवार फुकट घालवायचा न्हाई." पर्वती, पेशवे पार्कातला वाघ, सर्कस, म्युझियम, सिनेमा... काय काय बघायचं ते आम्ही तासन्‌तास बोलत असू.

जूनमध्ये मी एकटाच आलो. रंगाच्या घरी विहिरीचं काम निघालं होतं. ते आटोपलं की दिवाळीनंतर येतो आणि पुढच्या वर्षी नाव घालतो, असं तो म्हणाला. मला एस.टी.त बसवताना वर म्हणाला, "तू रविवार चालू ठेव. मी येऊन गाठतो तुला."

पुण्यात खोलीचं भाडं परवडणारं नव्हतं. आमच्या तालुक्यातले भगवानदादा पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे गवंडीकाम करत. त्यांची चिंचवड स्टेशनाजवळ पत्र्याची खोली होती. त्यांनी मला ठेवून घेतलं. कॉलेजला जायला त्यांची जुनी सायकल दिली. ते स्वतः रविवारीही जास्तीच्या कामावर जात. त्यामुळे रविवारी मी आणि चार भिंती.

कॉलेजात मला मित्र नव्हते. माझं बोलणं ऐकून पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघत, म्हणून मी बोलायचंच कमी केलं. रविवारी मात्र ठरल्याप्रमाणे बाहेर पडायचो. एकट्याने पर्वती चढलो. एकट्याने वाघ बघितला. वाघाच्या पिंजऱ्यापुढे सगळी माणसं एकमेकांना हाताला धरून दाखवत होती, "तो बघ, तो बघ." मला कुणाला दाखवायचं नव्हतं. वाघ बघायलाही सोबत लागते हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवाळी गेली. भाड्याला पैसे नव्हते म्हणून मी गावी गेलो नाही. रंगा आला नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. शहरात येऊन मी पुढे गेलो असं त्याला वाटलं असेल का, असंही मनात आलं. घरी कुणाकडे चौकशी करावी, तर आमच्या घरात लिहिणारं कोण? तात्या, म्हणजे माझे वडील, अंगठा देतात.

दिवाळीनंतरच्याच एका रविवारी हे सुरू झालं. स्टेशनाजवळ पत्र्याचं एक हॉटेल आहे. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. बाहेर पडायच्या आधी मी तिथे एक चहा घेत असे. त्या दिवशी अण्णांनी माझ्यापुढे दोन कप ठेवले.

"अण्णा, एकच."

"आणि जोडीदाराला?"

"कोण जोडीदार?"

अण्णांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता होता की हितं. गेला वाटतं. भांडलात का काय, राव?"

मी हसण्यावारी नेलं. गर्दीचं हॉटेल, दुसरं कुणी बसून गेलं असेल. पण पुढच्या रविवारीही दोन कप. अण्णा चेष्टा करणारे नव्हेत. मी विचारलं, कसा आहे दिसायला? ते म्हणाले, "उन्हातनं येतं माणूस, त्याचं मी काय निरखत बसू? गप असतो. तुमच्याकडं बघत बसतो. तुमी एका शब्दानं बोलत न्हाई त्याच्याशी, हे काय बरं दिसतं का?"

मग लकडी पुलावर पोलिसाने अडवलं. डबलसीट. मी सायकलवरून उतरलो आणि मागे हात केला. कॅरिअर रिकामं होतं. पोलीस म्हणाला, "पुलाच्या तोंडाशी उतरवलास काय त्याला? शहाणा आहेस. मी काय आंधळा नाही." मी म्हणालो, साहेब, मी एकटाच आहे. तो म्हणाला, "तुम्ही गावाकडची पोरं सगळी एकटीच असता रे. जा." मी निघालो. पण एक गोष्ट खरी सांगतो. खडकीचा चढ त्या दिवसांत मला एकट्याच्या वजनाने कधी चढला नाही. सायकल जुनी आहे, तेल नाही, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो.

भगवानदादांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पोटात अन्न न्हाई, दिवसभर पुस्तकात मुंडी. तुला न्हाई, त्या अण्णाला दिसतंय म्हंजे त्याचाच चहा प्यायचा बंद कर." त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तरी मी अण्णांकडे जातच राहिलो... आणि दुसऱ्या कपाला नाही म्हणायचं मी हळूहळू बंद केलं. कपातला चहा तसाच निवायचा. पण शेजारी कप असला की जरा बरं वाटायचं. चाकणला बैलगाड्यांच्या शर्यती बघायला गेलो, तेव्हा गाडा सुटल्यावर मी नकळत म्हणून गेलो, "बघ, बघ." पुढचा माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली नाही.

मोशीचा रविवार महाशिवरात्रीनंतरचा. भोसरीच्या बाजूने सायकल मारत मी इंद्रायणीकाठच्या या गावी गेलो होतो. नदीत पाय सोडून बसलो. गावात देवाचा भंडारा होता. त्या गावात रीत अशी की भंडाऱ्याच्या दिवशी वेशीत आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. घाटावर हंडा भरायला आलेल्या एका म्हातारीने मला हटकलं.

"कुठलं पावनं?"

"करमाळ्याकडचा. कॉलेजात शिकतो."

"शिकत्यात व्हय? मग भूक लागली आसंल. चला दोगं बी. पंगत बसतीया."

दोघंही, हे मी ऐकलं. पाय पुसून तिच्या मागे निघालो.

देवळापुढे मांडवात पंगत होती. म्हातारीने आम्हाला... मला कडेला बसवलं आणि माझ्या डाव्या हाताला आणखी एक पत्रावळ मांडली. एक गृहस्थ तिथे बसायला आले तर तिने त्यांना पुढे हाकललं, "डोळं हायत का? बसल्यालं माणूस दिसत न्हाई?" ते बिचारे पुढे गेले. दोन्ही पत्रावळींवर भात, आमटी, लापशी वाढली गेली. मी मान खाली घालून जेवलो. डावीकडे बघायचं धाडस झालं नाही. आमटी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं. नाहीतरी येणारच होतं.

पंगतीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सगळ्यांचं झालं. हात सुकायला लागले. दुसरी पंगत मांडवाबाहेर ताटकळत उभी. पलीकडून एक जण म्हणाला, "उठायचं का आता?"

म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्या डाव्या बाजूला उभी होती. "बसा की. पावण्याचं व्हायचंय आजून."

"कुठल्या पावण्याचं, आत्या?"

"तुमाला कशाची घाई हाय? जेवू द्या त्याला. सावकाश जेवणारं माणूस हाय."

आणि ती वाकून त्या पत्रावळीवर आणखी आमटी वाढायला लागली.

चाळीस-पन्नास माणसं, खरकटे हात धरून, गप्प बसली होती. ती म्हातारी गावात मानाची असावी. कुणी हसलं नाही, कुणी उठलं नाही. कोपऱ्यात एक जण पुटपुटला, "आत्याचं नेहमीचं..." आणि त्याला शेजाऱ्याने गुडघ्याने ढोसलं.

मी मात्र दुसऱ्याच एका मांडवात होतो. आमच्या गावात एकही लग्न असं झालं नाही की रंगासाठी पंगत थांबली नाही. एकेक घास चावून, आमटी भाताला नीट माखून, जगातली सगळी फुरसत आपल्यालाच असल्यासारखा तो जेवायचा. "रंग्या, पोरगी सासरी निघाली, उठू दे की पंगत," असं लोक ओरडायचे आणि तो मान हलवून पुढचा घास घ्यायचा. मी शेजारी हात सुकवत बसलेला असायचो.

थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली, "झालं. उठा." सगळे उठले. मी तेव्हा डावीकडे बघितलं. पत्रावळ पुसल्यासारखी स्वच्छ होती. वाढताना ती भरलेली मी बघितली होती, एवढं नक्की. मधे काय झालं, कुत्रं आलं की कुणी उचललं, हे मला सांगता येणार नाही. मी बघत नव्हतो.

परत येताना सायकल जड होती आणि मी वाटभर रडत आलो. कारण मला एकच अर्थ लागत होता. दिवाळीपासून पत्र नाही, माणूस येत नाही, आणि दिसतो तो दुसऱ्यांना. रंगा गेला, आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी उजाडताच अण्णांकडे जाऊन बसलो. अण्णांनी माझ्यापुढे कप ठेवला. एकच. मी वाट बघितली. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले.

"अण्णा, जोडीदार?"

"कोण जोडीदार?" अण्णा म्हणाले, आणि मग आठवल्यासारखं करून, "व्हय, तो. आज न्हाई दिसला."

त्यानंतरच्या रविवारीही नाही. खडकीचा चढ सायकल सरसर चढली. इतका एकटा मी जूनमध्येही नव्हतो. तेव्हा निदान कुणीतरी येणार आहे एवढं तरी होतं.

मी पेटी भरली. परीक्षा तोंडावर होती. आता गेलो तर वर्ष जाईल, नादारी म्हणजे फीची माफी जाईल, आणि पुन्हा येणं व्हायचं नाही हे मला कळत होतं. भगवानदादा रागावले. पण रंगाच्या आईपुढे जाऊन उभं राहिल्याशिवाय मला पुस्तकातली एक ओळ कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं ठरवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

त्याच दिवशी दुपारी दारात तात्या उभे राहिले. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. पुण्यापर्यंत ते आयुष्यात पहिल्यांदाच आलेले.

आता जे सांगतो त्याचा उलगडा मला झालेला नाही. कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, योगायोग. असेल. मोशीची गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती – भगवानदादांनाही नाही, पत्रात तर नाहीच. तात्यांना तर मोशी कुठे आहे तेही माहीत नाही. कुणा वाचकाला यातलं काही कळत असेल तर कळवावं. मी तात्यांचं बोलणं जसंच्या तसं देऊन थांबतो.

मी त्यांना पाणीही न देता विचारलं, "रंगा गेला का?"

"कुठं जातोय? घरीच हाय," तात्या म्हणाले. "तुला सांगायचं न्हाई असं ठरलं हुतं समद्यांचं. शिकनाऱ्या पोराच्या डोस्क्याला घोर नगं म्हून. दसऱ्याच्या आदी हिरीतला दगड निसटला आन त्याच्या कमरंवर आला. पाय गेलं दोनी. तवाधरनं बाजंवर."

"माझी पत्रं?"

"आली की. त्यानंच वाचली. त्याची आय म्हनली, लिव की बाबा दोन वळी. तर म्हनतो, कशाला लिवू, दर रविवारी भेट हुतीया." तात्यांनी कपाळाकडे बोट नेलं. "हितं जरा झालंय त्याच्या. रविवार आला की दिसभर दगडावानी निजायचा. हलवलं तरी उठायचा न्हाई. आयनं किती अंगारं लावलं. सांजंला उठला की पानी मागायचा, आन काय बी बोलायचा. मागं एकदा उठला तर तोंड भाजल्यावानी हा-हू करतोय. म्हनला, आमटी लई तिखट हुती, आन माज्यापायी समदी पंगत ताटकाळली, महादू तर मान बी वर करंना."

मी पेटीवर बसलो. खिशातली किल्ली काढून तात्यांपुढे धरली. कुलूप त्यांनीच उघडलं.

"पर आता बरं हाय," ते म्हणाले. "त्याच्या दुसऱ्या दिशीच पायाला मुंग्या आल्या. आता काठी धरून अंगनात येतोय. मी निगालो तर दारापतूर आला आन म्हनला, तात्या, महादूला सांगा, आता रविवारी मला यायला जमायचं न्हाई. मी चालाया लागलोय."