दाजीच्या वाटणीचा भात

काशीच्या ब्रह्माघाटावरच्या ढुंढिराजगुरुजी टेंब्यांचा आवाज असा खणखणीत, की ते घरात रुद्र म्हणू लागले म्हणजे गल्लीतल्या गाईसुद्धा बाजूला सरकत. अशा माणसाचा जीव एका म्हाताऱ्या कुत्र्यात अडकलेला असेल, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. कुत्र्याचं नाव दाजी. तेरा वर्षं तो रोज सकाळी गुरुजींच्या मागोमाग घाटाच्या पायऱ्या उतरे आणि ते गंगेत असेपर्यंत त्यांच्या कपड्यांशी बसून राही. चौऱ्याण्णव सालच्या थंडीत मात्र, माणसाने अंथरूण धरावं तसं त्याने दारातलं पोतं धरलं. खाणंही जवळजवळ सुटलं. गुरुजी पाण्यात उभे राहिले की त्यांची नजर उगाचच वर पायऱ्यांकडे जाई.

त्यांच्या पत्नीला, शरदिनीबाईंना, हे न सांगता कळत होतं. पौष पौर्णिमेला त्या शालीच्या आड काहीतरी वळवळणारं घेऊन घरी आल्या. रामनगरचा नावाडी मोहन, त्याच्या कुत्रीचं ते पिल्लू होतं.

"हे काय आणलंस?"

"दाजीला सोबत."

"त्याला सोबत नको, आराम हवाय. माघी पौर्णिमेपर्यंत ठेव हवी तर. मग मोहनला सांग, वापस घेऊन जा म्हणावं."

पिल्लाचं नाव पडलं लवंगी, कारण लवंगी फटाक्यासारखी ती कधी, कुठे फुटेल याचा भरवसा नसे. दुसऱ्याच दिवशी तिने गुरुजींची खडाऊ पळवली. तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेल्या सोवळ्याच्या टोकाला ती दात रोवून लोंबकळली. सोवळ्यात असताना कुत्रा शिवला की पुन्हा आंघोळ, हे दाजीला पाठ होतं. तो आपणहून हातभर लांब राही. लवंगीला कसलं सोवळं आणि कसलं ओवळं! गुरुजी पूजेला बसायला निघाले की ती धावत येऊन त्यांच्या पोटरीला नाक लावी. भर माघात गुरुजींना एके दिवशी तर चार आंघोळी घडल्या. चौथ्या वेळी ते दात वाजवत म्हणाले, "ही कुत्री नाही, माझं प्रायश्चित्त आहे." शरदिनीबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

दाजीही वैतागला होता. ती त्याच्या कानाला लोंबे, शेपटीवर झडप घाली आणि दमली की सरळ त्याच्या मानेवर झोपे. तो गुरगुरे, पण उठून जायचं त्राण कुठे होतं?

खरा भडका उडाला तो वैश्वदेवावरून. जेवणाआधी गुरुजी दाराबाहेर कुत्र्यांच्या नावाने भाताचा मुटका ठेवत. तो दाजीचा. हल्ली दाजी तो नुसता हुंगे आणि मान फिरवी, तरी गुरुजी रोज नेमाने ठेवत आणि आशेने बघत उभे राहत. त्या दिवशी लवंगीने तो एका घासात गट्ट केला.

"अरे, दाजीचा आहे तो!" गुरुजी एवढे ओरडले की समोरच्या खिडकीत डोकी आली.

शरदिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुम्ही हा बळी ठेवताना जो मंत्र म्हणता, त्यात कुत्रे किती?"

गुरुजींनी मनातल्या मनात मंत्र म्हणून पाहिला. मग पुन्हा एकदा म्हणून पाहिला.

"दोन," ते हळूच म्हणाले.

"आणि भात?"

चाळीस वर्षं हा माणूस तोंडाने दोघांना बोलावत होता आणि पान एकाचंच मांडत होता! काशीतल्या वैदिकांना स्वरांच्या चुका काढून दाखवणाऱ्या गुरुजींची चूक त्या दिवशी घरातच निघाली.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर दोन मुटके पडले. लवंगीने आपला संपवला आणि लगेच दाजीच्या मुटक्याकडे मोर्चा वळवला. तेवढ्यात म्हाताऱ्याने पंजा टाकला, दात दाखवले आणि कुणी पळवू नये म्हणून सगळा भात खाऊन टाकला. वर जमीनही चाटली. गुरुजी दारातच उभे होते. त्यांना इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी विनाकारण शरदिनीबाईंना हाक मारली आणि त्या आल्यावर चाटलेल्या जमिनीकडे बोट दाखवलं.

तरी शब्द तो शब्द. माघी पौर्णिमेला सकाळी मोहनने नाव घाटाला लावली. गुरुजी कमरेएवढ्या पाण्यात होते. वरून आधी लवंगीचं भुंकणं ऐकू आलं, मग ती स्वतःच गडगडत खाली आली आणि मधेच थांबून मागे बघू लागली. तिच्यामागून, एकेका पायरीवर दम खात, दाजी उतरत होता. शेवटच्या पायरीवर येऊन तो कपड्यांशी बसला.

"गुरुजी, पिल्ला ले जाएँ?" मोहनने विचारलं.

गुरुजी ओलेत्यानेच वर आले आणि दाजीच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नहीं मोहन, तू जा," ते म्हणाले. "ये चली गई, तो इसको रोज नीचे कौन लाएगा?"