सेल्वी अक्काच्या दुकानामागची खोली

"तक्रारी घटल्या, म्हणजे आपलं काम झालं. एन्नोरचं केंद्र बंद करू," मॅडम म्हणाल्या.

मॅडम चेन्नईत मैलापूरला असलेल्या आमच्या संस्थेच्या संचालिका. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी संस्थेनं एन्नोरच्या मच्छीमार वस्तीत सल्ला केंद्र काढलं होतं. मी इव्हॅल्युएटर. ऑडिटर हिशेब तपासतो, मी कामाचा उपयोग झाला का ते तपासते.

"मारहाण घटली की बायकांचं येणं?" मी विचारलं.

"फरक काय?"

"तोच बघून येते."

एन्नोरला मी केंद्रात गेलेच नाही. मासे वाळत घालणाऱ्या बायकांत जाऊन बसले. माझं पुणेरी तमिळ ऐकून त्या आधी पोटभर हसल्या. मग मी विचारलं, "नवऱ्यानं हात उचलला तर कुठे पळाल?"

"सेल्वी अक्काकडे," मलर नावाची तरुण मुलगी म्हणाली. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. केंद्रासमोर पुरुष जाळी दुरुस्त करत बसत. आत कोण गेलं, ते लगेच नवऱ्याला कळायचं. सेल्वी अक्काचं मात्र इडलीचं दुकान. तिथे कुणीही जावं.

परत येऊन मी केंद्र तिथे हलवायचं सुचवलं, तशा मॅडम वैतागल्या. "इडलीच्या दुकानात कौन्सेलिंग?"

"बायका तिथेच जातात, मॅडम."

त्यांनी पर्स उचलली. मग म्हणाल्या, "गाडी सांगा. इडली खाऊन तर बघू."

केंद्र दुकानामागच्या खोलीत हललं. अक्का आणि शेजारणींना आम्ही ट्रेनिंग दिलं: बाईला एकटं सोडायचं नाही, पोलिसांना कधी बोलवायचं, वकील कुठे भेटतो.

एका दुपारी मी तिथेच असताना मलर धावत आली. मागे नवरा. शेजारणी एकेक करून येऊन दारात उभ्या राहिल्या. कुणी आवाज चढवला नाही.

"तम्बी, घरी जा," धाकट्या भावाला सांगावं तसं अक्का म्हणाली. "यायचं की नाही, ते ती ठरवेल."

तो घुटमळला, आणि गेला. मलरनं आईकडे राहायचं ठरवलं, कोर्टातून संरक्षणाचा आदेशही मिळवला. पण त्या दुपारी तिनं आधी इडल्या मागितल्या, आणि सगळ्याजणी एकदम हसायला लागल्या. मीसुद्धा.

पुढच्या पाहणीत तक्रारी चांगल्याच वाढलेल्या निघाल्या. केंद्र टिकलं. मॅडमनी ऑफिसभर मैसूरपाक वाटला. तक्रारी वाढल्या म्हणून तोंड गोड करणारी बॉस मी त्याआधी पाहिली नव्हती.

तेव्हापासून रिपोर्टात आकडा खाली आलेला दिसला, की मी टाळ्या वाजवायच्या आधी तिकडची बस पकडते.