मागं राहिलेली

आमच्या गावच्या ओढ्याला पाणी चारच महिने, पण ऐट बारमाही. यंदा पंचायतीनं त्याच्या काठावर फलक लावायचं ठरवलं: गाव कुणी वसवलं ते लोकांना कळावं म्हणून. मी तीस वर्षं चिटगुप्प्याच्या शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे मजकूर माझ्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर गळा मीच पुढं केला होता.

घरातले निजामाच्या वेळचे कागद काढले. त्यांत सगळ्यात जुनं नाव आमच्याच खापरपणजोबांचं. झालं, लिहून टाकलं की ओढ्याकाठची पहिली वस्ती आमची. बुद्धरत्न पेंटरनं झोकात फलक रंगवला आणि मी तो अप्पांना वाचून दाखवला. अप्पा म्हणजे माझे वडील, किशनराव. वय अठ्ठ्याऐंशी, पण कान शाबूत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण पहिले, तर तुझी आई काठावर कामून थांबायची रं?"

मला लहानपणचे उन्हाळे आठवले. शिमगा झाला की ओढ्यातली डबकीही आटायची. मग वाळूत खड्डा उकरून पाणी काढायचं, त्याला झिरा म्हणायचे. झिरा कुठं लागेल ते धनगराच्या म्हाळसाअक्कानं ठरवायचं. तिच्या घरची मेंढरं सासऱ्याच्या काळातच संपली होती. ती आमच्या शेतात खुरपायला यायची आणि आईपुढं मान वर करून बोलायची नाही. पण झिऱ्याच्या दिवशी बाई वेगळीच. पदर खोचून पात्रात उतरायची, टाचेनं वाळू दाबत चालायची आणि एका जागी थांबून "हितं" म्हणायची. पाणी निवळलं की पहिली घागर तिची. ती भरून वर येईपर्यंत माझी आई, पाटलाची सून, रिकामी घागर घेऊन उन्हात उभी. आईचा पदर धरून मीही कितीदा उभा राहिलो, पाय भाजतात म्हणून रडलो. का थांबायचं, हे मात्र कधी विचारलं नाही. पुढं नळ आले आणि झिरा बुजला.

सकाळी म्हाळसाअक्काकडं गेलो. फलकाची बातमी तिच्या नातीनं, धनलक्ष्मीनं, आधीच पोचवली होती. अक्कानं बस म्हटलं नाही. ज्वारी पाखडत राहिली, आणि सगळा कोंडा बरोबर माझ्या अंगावर येईल अशी. मी म्हटलं, "चुकलं, अक्का. तुमच्या सासरच्या मूळपुरुषाचं नाव सांगा. पहिलं तेच लिहितो."

"पुरुष न्हवता. बाई व्हती."

मग तिनं सांगितलं. मेंढरं घेऊन तांडा पुढं निघाला होता. एक बाई दिवस भरलेली, तिला चालवेना. पावसाळ्यात परत येऊ म्हणून तिला दोन मेंढ्यांसकट या ओढ्याकाठी ठेवून माणसं गेली. तिनं हातानं वाळू उकरली, पाणी काढलं, आणि एकटीच बाळंत झाली. तांडा परतला तेव्हा काठावर खोपट होतं आणि पोर अंगावर पीत होतं. ती काही पुन्हा चालायला तयार झाली नाही. आमच्या खापरपणजोबांच्या गाड्या आल्या त्या नंतर, आणि त्यांच्या तहानलेल्या बैलांना पाणी तिनंच पाजलं.

मी नाव विचारलं. अक्काचं सूप थांबलं.

"नाव कुणी धरून ठिवलं? आमच्यात तिला मागं ऱ्हायलेली म्हणतेत." मग जरा हळू म्हणाली, "नाव न्हाई तर लिवता येत न्हाई का, मास्तर?"

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो होतो की कागदावर नाही ते घडलंच नाही.

बुद्धरत्नानं फलक पुसून नव्यानं लिहिला. पहिल्या ओळीत, 'मागं राहिलेली. धनगराची बाई. तिनं इथं पहिला झिरा काढला.' आमचं घराणं त्याच्या खाली.

रविवारी अक्का नातीचा हात धरून आली. पहिली ओळ तिनं मला दोनदा वाचायला लावली आणि त्यात 'मागं राहिलेली' कुठं आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं. मग डोक्यावर पदर घेऊन वाकली आणि त्या अक्षरांवर कपाळ टेकवलं.

"बरं झालं, मास्तर," ती म्हणाली. "सासूच्या पाया पडायला जागा न्हवती."