बंदुकीला घातलेलं हळदीचं पाणी

आमच्या घरी दुनळी बंदूक होती. परवाना सासऱ्यांच्या नावाचा, पण निगा माझा नवरा ठेवायचा. दवनीवाड्याच्या बाजूला आमचं धानाचं शेत. तिथं रानडुकरं उतरायची, म्हणून बंदूक घेतलेली. पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि आतल्या लोखंडाला ओल धरायची. म्हणून दसऱ्याच्या आधी तो तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, काढून साफ करायचा.

हे काम ओसरीवर चालायचं. आधी नळ्या उतरवायच्या. मग खालचे पेच, शेवटी वरचा लांब पेच काढून ताटलीत ठेवायचा. मग एकानं लोखंड घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं दस्ता मागं ओढायचा. धरायला माझी मोठी जाऊ बसायची. तिचे यजमान, म्हणजे माझे जेठ, गोंदियाला गिरणीवर मुनीम होते. सासू-सासऱ्यांसमोर मला नवऱ्याशी बोलायची बंदी. दिरानं भावजयीची थट्टा केली तर मात्र सगळे हसायचे. तीही रीतच. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. दस्त्याला चोळायला जवसाचं तेल कोमट करून द्यायचं, एवढंच माझं काम. तेही जाऊच घेऊन जायची.

एका वर्षी दस्ता निघेचना. दोघांनी ओढाओढ केली. निघाला तशी जाऊ हसत मागं पडली. आत लोखंडावर गंज आणि लाकडावर पिवळे डाग. आदल्या दसऱ्याला मोठी सून म्हणून बंदुकीची पूजा तिनं केली होती आणि वरून हळदीचं पाणी ओतलं होतं. मला बरं वाटलं. आता बोलणी खाईल.

नवरा म्हणाला, "वहिनी, हळद तं लावली, आता हिचं लगनबी लावून टाका."

"नवरदेव तुमीच व्हा. दिवसभर तिलेच तं घेऊन बसून राहता."

सासरेही हसले. नवऱ्यानं मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, गंज घासला. एक वाकडा शब्द नाही. माझ्या हातून भात करपला तर ताट सरकवणारा माणूस हा. "यंदा पाणी नोका घालू," हे त्यानं सांगितलं तेही तिलाच.

त्या दसऱ्याला जाऊ माहेरी कामठ्याला गेली आणि पूजा माझ्याकडे आली. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी तिच्यासारखीच पूजा केली, तांब्याभर हळदीचं पाणी घालून. तो माझ्याशी काय थट्टा करतो, ते मला बघायचं होतं.

पुढच्या वर्षी दस्ता काढला तर आत गंज. तो हसला नाही. दाराकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुमच्या जावेले विचारा, बंदूक का तुळस होय? पाणी कायले घातलं?"

जाऊ तोंडाला पदर लावून हसत माझ्याकडे आली. "आयकलं का गे बाई?"

"आयकलं," मी ओसरीवर ऐकू जाईल असं म्हणाले. "त्याहिले सांगा जाऊबाई, तुमी घातलं तवा का गंगाजल होतं ते?"

सासरे खाकरले. सासू म्हणाली, "तोंड पाहा हिचं." नवरा मान खाली घालून लोखंड घासत राहिला. जावेचं हसू मात्र गेलं.

त्या दसऱ्यापासून बंदुकीची पूजा सासरेच करू लागले. कोरड्या अक्षता आणि एक झेंडू. लोखंड धरायला गडी बसू लागला. बंदूक आम्हा दोघींच्याही हातून गेली. मला वाईट वाटलं नाही. जावेच्या हातात नव्हती, तेवढं मला पुरे होतं.